प्रतिकृती तिची, परवानगी कोणाची? : विज्ञानपटातलं वस्तूकरण संशोधनाच्या भाषेत कसं मांडायचं



पीएचडीची तयारी करणाऱ्यांकडून येणाऱ्या विषयांमध्ये एक विषय हमखास असतो : ‘विज्ञानपटांमधील स्त्रियांचे वस्तूकरण’. विषय चांगला आहे. पण सिनॉप्सिसचं पहिलं पान लिहून झालं की गाडी अडते. कारण ‘चित्रपटात स्त्रीला वस्तू म्हणून दाखवलंय’ हे वाक्य लिहून झाल्यावर पुढे काय, हेच कळत नाही. ते वाक्य म्हणजे मत आहे, संशोधनाचा प्रश्न नाही. मतापासून प्रश्नापर्यंत कसं जायचं ते आज एका मराठी चित्रपटाच्या आधाराने बघू.

चित्रपट आहे सुजय डहाकेचा ‘फुंतरू’ (२०१६). केतकी माटेगावकर आणि मदन देवधर यांच्या भूमिका. इंजिनिअरिंग कॉलेजातला एक हुशार, लाजाळू मुलगा एका मुलीच्या प्रेमात पडतो. ती त्याला दाद देत नाही. मग तो काय करतो, तर तंत्रज्ञान वापरून तिची प्रतिकृती तयार करतो, तिच्यासारखी दिसणारी होलोग्राम. मराठीत विज्ञानपट मुळातच मोजके. त्यातही आपल्या विषयाचा गाभाच कथानक म्हणून घेणारा हा चित्रपट आहे.

गेल्या पावसाळ्यात मुळशीत, पिरंगुटच्या पुढे एका मित्राच्या खोलीवर आम्ही पाच जणांनी तो पुन्हा पाहिला. मुळशी म्हटलं की लोकांना धरण आणि रिसॉर्ट आठवतात, पण हिंजवडीचं आयटी पार्कही याच तालुक्यात आहे आणि लवळ्याची विद्यापीठंही. त्यामुळे पाहणाऱ्यांत दोघं कोड लिहिणारे होते आणि आम्ही तिघं माध्यमांचा अभ्यास करणारे. चित्रपट संपल्यावर तीन प्रतिक्रिया आल्या.

एक : ‘असा होलोग्राम बनतच नाही. हवेत प्रकाश असा उभा राहत नाही.’
दोन : ‘किती गोड आहे. बिचाऱ्याचं प्रेम आहे तिच्यावर.’
तीन : ‘गोड कसलं? तिला न विचारता तिची बाहुली केलीये त्याने.’

मी अर्थातच तिसऱ्या बाजूला होते. पण घरी येऊन टिपणं काढायला बसले तेव्हा लक्षात आलं की माझ्याकडेही फक्त प्रतिक्रियाच आहे. पहिल्याचं म्हणणं खरं असलं तरी तो वेगळ्या पेपरचा विषय. दुसरं आणि तिसरं म्हणणं एकमेकांसमोर ठेवलं तर कोण बरोबर हे ठरवायचं कसं? तुमच्या व्हायव्हामध्ये नेमका हाच प्रश्न येणार आहे.

आधी शब्द फोडा

‘वस्तूकरण’ हा एकच शब्द ढालीसारखा वापरू नका. मार्था नुसबाम या तत्त्वज्ञ विदुषींनी १९९५ साली या कल्पनेचे सात पदर वेगळे केले. आपल्या भाषेत सांगायचं तर : माणसाला साधन म्हणून वापरणं, स्वतःचं स्वतः ठरवण्याचा हक्क नाकारणं, ती काही करूच शकत नाही असं समजणं, एकीच्या जागी दुसरी चालेल असं मानणं, तिची मर्यादा मोडली तरी चालतं असं मानणं, ती आपल्या मालकीची आहे असं समजणं, आणि तिला काय वाटतं याची दखलच न घेणं. नंतर रे लँग्टन यांनी त्यात आणखी तीन पदर जोडले : शरीरापुरतं पाहणं, दिसण्यापुरतं पाहणं आणि आवाज काढून घेणं.

नुसबाम यांचा एक मुद्दा मात्र विद्यार्थी हमखास गाळतात. यांतला एखादा पदर दिसला की लगेच ते वाईटच, असं त्या म्हणत नाहीत. संदर्भ पाहायला सांगतात. म्हणजे यादी हातात आली तरी निकाल आपोआप लागत नाही.

आता ‘फुंतरू’कडे या. मूळ मुलीचा नकार आहे. नायक तो नकार बदलायचा प्रयत्न सोडतो आणि नकार न देणारी दुसरी तयार करतो. इथे कपड्यांचा, कॅमेऱ्याच्या कोनाचा काही संबंध आलेला नाही. तरीही ‘एकीच्या जागी दुसरी चालेल’, ‘स्वतःचं ठरवण्याचा हक्क नाकारणं’ आणि ‘तिला काय वाटतं याची दखल न घेणं’ हे तीन पदर समोर उभे राहतात. आणि हे तिघेही, लक्षात घ्या, त्या गोडव्याच्या आतच आहेत. म्हणजे दुसरी प्रतिक्रिया चूक नव्हती, चित्रपट खरंच हळवा आहे. हळवेपणा आणि वस्तूकरण एकाच प्रसंगात असू शकतात, आणि आपल्याला अभ्यासायचं आहे ते हे.

माझं पहिलं कोडिंग शीट का फुकट गेलं

सुरुवातीला मी एक तक्ता केला होता : नायिकेचे कपडे, पडद्यावरची मिनिटं, क्लोजअप किती, गाणी किती. दोन महिने गेले. निष्कर्ष काय निघाला? ज्या चित्रपटांत गाणी जास्त, तिथे वस्तूकरण जास्त. म्हणजे मी वस्तूकरण नाही, गाणी मोजत होते. याला आपण वैधतेची चूक म्हणतो : जे मोजायचं ते सोडून भलतंच मोजणं.

विज्ञानपटात आणखी एक पेच असतो. समजा पात्र यंत्रच आहे. ‘तेरी बातों में ऐसा उलझा जिया’ (२०२४) मधली सिफ्रा ही रोबोट आहे, क्रिती सॅनन तिच्या भूमिकेत. तिला आज्ञा देता येते, चार्ज करावं लागतं. वस्तूला वस्तूसारखं वागवलं तर ते वस्तूकरण कसं, असा प्रश्न तुम्हाला कोणीही विचारेल. उत्तर देण्यासाठी तीन पातळ्या वेगळ्या ठेवा.

पहिली, कथेच्या जगातलं यंत्र. त्याला जाणीव आहे का, हे चित्रपट काय सांगतो ते बघा.
दुसरी, त्या यंत्राच्या मागे कथेत एखादी जिवंत बाई आहे का, जिचा चेहरा घेतलाय?
तिसरी, प्रेक्षकापर्यंत पोहोचणारी ‘आदर्श बाई’ची कल्पना. सिफ्रा एका भारतीय कुटुंबात होणारी सून म्हणून वावरते. तिथे विनोद कशावर होतो? ती हुकुमाची ताबेदार असल्याचं घरच्यांना वेगळं वाटत नाही, यावर. आता हा विनोद सुनेवर आहे की सुनेकडून असलेल्या अपेक्षांवर? इथे दोन अभ्यासक वेगळी उत्तरं देतील, आणि दोघांनाही पुरावा द्यावा लागेल.

‘फुंतरू’ महत्त्वाचा आहे तो दुसऱ्या पातळीमुळे. तिथे मूळ मुलगी जिवंत आहे, त्याच कॉलेजात आहे.

नवी गोष्ट कोणाच्या हातात?

विज्ञानकथेचे अभ्यासक डार्को सुविन यांनी ‘नोव्हम’ ही संज्ञा रूढ केली. नोव्हम म्हणजे कथेतली ती नवी गोष्ट, जिच्यामुळे ते जग आपल्या जगापेक्षा वेगळं होतं. लिंगभावाचा अभ्यास करताना ही संज्ञा फार उपयोगी पडते, कारण मग प्रश्न सरळ विचारता येतो : ती नवी गोष्ट बनवतं कोण, वापरतं कोण, बंद करतं कोण आणि वापरली जाते कोणावर?

‘मिस्टर इंडिया’ (१९८७) घ्या. नोव्हम आहे अदृश्य होणं. लॉरा मल्व्ही यांनी १९७५च्या निबंधात म्हटलं होतं की मुख्य प्रवाहातल्या चित्रपटात कॅमेऱ्याची नजर, नायकाची नजर आणि प्रेक्षकाची नजर एक होऊन बाईवर स्थिरावते. निळ्या साडीतल्या त्या प्रसिद्ध गाण्यात नायक अदृश्य आहे. म्हणजे बघणारा बघता येत नाही, दिसते ती फक्त श्रीदेवी. मल्व्ही यांचा सिद्धान्त इथे कथेच्या यंत्रणेतूनच घडतो. पण घाई नको. तीच सीमा पत्रकार आहे, गाण्यात तिची स्वतःची इच्छा ठळक आहे, आणि तो तिथे आहे हे तिला माहीत आहे. सिद्धान्त जिथे बसतो ते लिहा, आणि जिथे ताणला जातो तेही लिहा. दुसरा भाग लिहिलात की परीक्षक तुमच्यावर विश्वास ठेवायला लागतो.

आता नोव्हम ‘प्रतिकृती’ असेल तर? मी असे चित्रपट शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा एक गोष्ट दिसली.

‘मेट्रोपोलिस’ (१९२७) मध्ये रोटवांग नावाचा शास्त्रज्ञ गमावलेल्या प्रेयसीसाठी यंत्रमानव बनवतो, आणि पुढे त्या यंत्राला मारियाचा चेहरा दिला जातो. कामगारांचा मारियावर विश्वास असतो, म्हणून तिचाच चेहरा. तिची परवानगी नाही. ‘फुंतरू’मध्येही मुलीचा चेहरा, बनवणारा दुसरा.

याउलट शंकरच्या ‘रोबोट’मध्ये (तमिळमध्ये ‘एंदिरन’, २०१०) डॉ. वसीगरन स्वतःच्याच रूपाचा चिट्टी बनवतो. ‘रा.वन’ (२०११) मध्ये जी.वनला चेहरा आहे तो शेखरचा, आणि शेखर स्वतःच त्या खेळाचा निर्माता.

म्हणजे या चार चित्रपटांत पुरुषाची प्रतिकृती पुरुष स्वतः करतो, बाईची प्रतिकृती दुसराच कोणीतरी करतो. पुढचा फरकही बघा. चिट्टीला हवं-नको असतं, तो प्रेमात पडतो, बंड करतो. शेवटी न्यायालय त्याला मोडीत काढायला सांगतं, तेव्हा तो निरोपाचं बोलतो आणि स्वतःच्या हातांनी स्वतःचे भाग सुटे करतो. मेट्रोपोलिसमधल्या खोट्या मारियाला जमाव जाळतो. एकाला निरोपाचं भाषण मिळतं, दुसरीला चिता.

हा माझा निष्कर्ष नाही, गृहीतक आहे. चार चित्रपटांवरून नियम होत नाही, आणि हे चार मी निवडलेत, सोयीचे निवडले असतील. म्हणून लगेच विरुद्ध उदाहरण शोधायचं. सिफ्रा बनवणारी व्यक्ती बाई आहे, नायकाची मावशी, डिंपल कपाडिया. चिट्टीच्याही शरीरात खलनायक त्याला न विचारता बदल करतो. ही दोन उदाहरणं माझं गृहीतक मोडत नाहीत, पण ते नीट मांडायला भाग पाडतात. प्रश्न ‘बनवणारा पुरुष की स्त्री’ एवढाच नाही; ‘प्रतिकृतीला स्वतःची इच्छा मिळते का, आणि मूळ व्यक्तीचा होकार घेतला जातो का’ असा तो हवा. मी सिनॉप्सिसमधला प्रश्न यानंतर बदलला.

दाखवणं आणि पाठ थोपटणं

‘रोबोट’मधला एक प्रसंग मला अजून अस्वस्थ करतो. इमारतीला आग लागते. चिट्टी एका मुलीला वाचवून बाहेर आणतो. ती आंघोळ करत होती, अंगावर कपडे नाहीत, बाहेर गर्दी आणि टीव्हीचे कॅमेरे. ती लाजेने पळते आणि गाडीखाली येऊन मरते.

पहिल्या वाचनात हा प्रसंग समाजावर टीका वाटतो : यंत्राला लाज कळत नाही, आणि माणसांना कॅमेरा बंद करणं कळत नाही. पण पुढे काय होतं ते बघा. मुलीच्या मरणातून कथेला मिळतं काय? तर चिट्टीला भावना शिकवायला हव्यात, हे कारण. मुलगी तिथेच संपते, प्रवास पुढे जातो तो चिट्टीचा. नुसबाम यांचा पहिला पदर, साधन म्हणून वापर, इथे पात्रांच्या वागण्यात नाही, कथानकाच्या रचनेत आहे.

म्हणून प्रत्येक प्रसंगाला दोन प्रश्न विचारा. पात्र तिच्याशी कसं वागतं? आणि चित्रपट त्या वागण्याचं पुढे काय करतो : शिक्षा, हशा, बक्षीस की विसर? ‘कल्कि २८९८ एडी’ (२०२४) मध्ये स्त्रियांना गर्भापुरतं वापरणारी यंत्रणा आहे, दीपिका पदुकोणच्या पात्राला तिथे नावाऐवजी क्रमांक आहे. हे भीषण आहे असं चित्रपट स्वतःच म्हणतो. तेव्हा ‘यात वस्तूकरण आहे’ एवढं लिहून तुम्ही चित्रपटापेक्षा जास्त काही सांगितलेलं नसतं. खरा प्रश्न पुढचा : त्या यंत्रणेतून सुटल्यावर तिला स्वतःचं काही ठरवता येतं का?

मोजायचं कसं

विश्लेषणाचं एकक ‘चित्रपट’ ठेवू नका, ‘प्रसंग’ ठेवा. प्रतिकृतीच्या चित्रपटांसाठी मी पाच प्रसंग ठरवले आहेत : ती तयार होते तो, पहिल्यांदा सुरू होते तो, पहिल्यांदा ‘नाही’ म्हणते तो, मूळ व्यक्तीला समजतं तो आणि ती बंद होते तो. एखादा प्रसंग चित्रपटात नसेलच, तर ‘नाही’ अशी नोंद करा. मूळ व्यक्तीला कधी समजतच नाही, ही सुद्धा माहितीच आहे.

मग दुसऱ्या कोणाकडून तरी तेच प्रसंग कोड करून घ्या, तुमच्याशी न बोलता. ‘आमचं ८५ टक्के जुळलं’ म्हणून खूश होऊ नका. समजा ४० प्रसंगांपैकी ३४ जुळले. दोघांनीही ‘मालकी दिसते’ असं प्रत्येकी ४ प्रसंगांत लिहिलं, पण त्यातला एकच प्रसंग दोघांचा समान होता. बाकी जुळले ते ‘दिसत नाही’वर. जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेला कॅपा काढला तर इथे योगायोगानेच ८२ टक्के जुळणी अपेक्षित असते, आणि कॅपा येतो जेमतेम ०.१७. म्हणजे तुमची व्याख्या अजून कच्ची आहे. परत बसायचं, व्याख्या सुधारायची.

बेकडेल कसोटी अनेक जण वापरतात : किमान दोन स्त्रिया, त्या एकमेकींशी बोलतात, आणि पुरुषाखेरीज दुसऱ्या विषयावर. गंमत म्हणजे १९८५च्या ज्या चित्रपट्टीतून ती आली, तिच्यात कसोटीला उतरलेला चित्रपट म्हणून नाव आहे ते एका विज्ञानपटाचंच, ‘एलियन’चं, कारण त्यातल्या दोघी राक्षसाविषयी बोलतात. पण आपल्या विषयात ही कसोटी अडखळते. मूळ मुलगी आणि तिची प्रतिकृती एकमेकींशी बोलल्या तर त्या दोन बायका मोजायच्या की एक? तुमची कसोटी जिथे अडखळते तिथेच बहुधा तुमचा प्रबंध असतो.

पुण्याच्या आसपास असाल तर लॉ कॉलेज रोडवरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय विसरू नका. १९६४ पासूनची संस्था आहे. पोस्टर, पुस्तिका, जुनी परीक्षणं बघितली की कळतं, चित्रपट विकताना बाईला कसं विकलं होतं. चित्रपटात आणि जाहिरातीत फरक असेल तर तो नोंदवा.

हे सगळं कशासाठी?

कारण २०१६ मध्ये ‘फुंतरू’ कल्पना होती, आता नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदानाचा बनावट व्हिडिओ पसरला. चेहरा तिचा, शरीर दुसऱ्याच एका तरुणीच्या व्हिडिओतलं. चर्चा झाली ती चेहऱ्याची, आणि ती योग्यच होती. पण वापरल्या गेल्या दोघी. जिचं शरीर घेतलं तिच्या होकाराविषयी फार कमी लोक बोलले. ‘एकीच्या जागी दुसरी चालेल’ हा पदर याहून स्पष्ट कुठे दिसणार? आज हे करायला हुशार इंजिनिअर लागत नाही. कॉलेजच्या ग्रुपवरचा एक फोटो आणि फोनवरचं एक ॲप पुरतं. आणि करणाऱ्यालाही बहुतेक वेळा ते प्रेम किंवा गंमतच वाटत असतं.

म्हणून दुसऱ्या प्रतिक्रियेला, ‘किती गोड आहे’ला, मी आता हसत नाही. तो गोडवा कसा तयार होतो, कोणत्या प्रसंगात आपण मूळ मुलीला विसरून प्रतिकृतीच्या बाजूचे होतो, हे दाखवता आलं तर अभ्यासाचं चीज झालं. त्या रात्री ‘गोड’ म्हणणाऱ्या मैत्रिणीला मी नंतर एवढंच विचारलं : मूळ मुलीला हे कळल्यावर तिला काय वाटलं असेल, हा विचार तुझ्या मनात चित्रपटाच्या कितव्या मिनिटाला आला? ती थोडा वेळ गप्प बसली. म्हणाली, ‘पुन्हा बघावा लागेल.’

तुमच्यासाठी गृहपाठही तोच. ‘फुंतरू’ बघा, शेवट मी मुद्दाम सांगितलेला नाही. पहिल्यांदा साधे प्रेक्षक म्हणून बघा. दुसऱ्यांदा वही घेऊन बसा आणि वरचे पाच प्रसंग वेळेसकट नोंदवा. प्रत्येकासमोर लिहा : कोणता पदर, कोण करतं, चित्रपट त्याचं पुढे काय करतो. शेवटी एक ओळ अशी लिहा, जी तुमच्या मताच्या विरुद्ध जाते आणि तरी खरी आहे. ती ओळ सापडली नाही, तर सिनॉप्सिस जमा करायची घाई करू नका.